बॉल नसताना

कुंदा गेली त्या सकाळी तिच्या भावाला सांगायला मी कॉलेजच्या ग्राउंडवर गेलो.

फोन करून पाहिला होता. पण सरावाच्या वेळी भास्कर देवतळे फोन किटबॅगेत टाकून ठेवतो हे मला माहीत होतं, आणि बहीण गेल्याचं असं फोनवर सांगूही नये. हॉस्पिटलातलं सगळं माझ्या पुतण्याने, नितीनने अंगावर घेतलं. म्हणाला, काका, तुम्ही देवतळे मामांना घेऊन थेट घरी या, मी काकूला घेऊन येतो. मी ऑटो केला. हातात तिची कापडी पिशवी होती. पिशवीत तिचा गाऊन, कंगवा आणि थर्मास. थर्मासमध्ये चहा तसाच होता, चालताना आत हलत होता.

देवतळेने मला फाटकापासूनच पाहिलं. तो नागपुरातला नावाजलेला बास्केटबॉलचा कोच, आणि माझ्या बायकोचा थोरला भाऊ.

"आले बाप्पा एकदाचे," तो पोरांना ऐकू जाईल असं म्हणाला. "या जावईबापू. महिना झाला वाट पाहून राहिलो तुमची."

वाट का पाहत होता ते सांगतो. मी शाळेत पीटीचा मास्तर होतो. निवृत्तीनंतर पुण्याच्या एका व्यावसायिक संघासाठी विदर्भातली पोरं पाहायचं काम करत होतो. वर्षातून एकदा ड्राफ्ट असतो. आठ संघ पाळीपाळीने कॉलेजातला एकेक खेळाडू उचलतात. शेवटच्या वर्षाला असलेल्या पोरालाच नाव देता येतं, तेही एकदाच. उचलला तर खेळ हाच धंदा होतो, नाही तर पोरगा कुठल्या तरी नोकरीच्या मागे लागतो. त्या वर्षी देवतळेकडे हर्षल कोवे नावाचा पोरगा होता आणि तो पुण्याने घ्यावा म्हणून देवतळे माझ्या मागे लागला होता. कुंदा आणि मी त्याला रविवारी पाहायला जाणार होतो. त्याच रविवारी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. देवतळे एकदा येऊन भेटून गेला होता. दोन दिवसांत घरी जाशील, असं बहिणीला सांगून गेला होता.

मी म्हणालो, "दादासाहेब, जरा इकडे या."

"आधी पोरगा पाहा. मग काय बोलायचं ते बोला."

"ऐका तर."

"ऐकायचं नाही, पाहायचं. पाहायलाच ठेवलं ना तुम्हाला पुणेवाल्यांनी? तुम्ही तोंड उघडलं की नाट लागते. तेवढं तोंड बंद ठेवा आणि पाहा."

त्याने शिट्टी वाजवली.

मला नंतर पुष्कळांनी विचारलं, दोनच शब्द होते, तिथेच का नाही सांगून टाकले? डॉक्टर ते शब्द बोलले होते. नितीन बोलला होता. माझ्या तोंडून ते अजून एकदाही निघाले नव्हते. ते पहिल्यांदा निघायचे होते आणि समोरचा माणूस शिट्टी वाजवत होता. मी उभा राहिलो.

पोरं खेळू लागली. सगळा खेळ हर्षलसाठी मांडलेला होता हे लगेच कळत होतं. बॉल कोणाच्याही हातात गेला की देवतळे ओरडायचा, हर्षलला दे. बाकीच्या पोरांना टाकायची परवानगीच नव्हती. हर्षल उंच, काटकुळा, नुसते कोपर आणि गुडघे. चंद्रपूरकडचा, बाप कोळशाच्या खाणीत. तो बॉल घ्यायचा, वर जायचा, टाकायचा. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तेच पाहिलं असतं. त्या सकाळी माझी नजर बॉलवर ठरेना. बॉल इकडून तिकडे जायचा आणि मी जिथे पाहत होतो तिथेच पाहत राहायचो.

बॉल पाहणं हे माझं काम होतं. आमच्या घरात ती वाटणी होती. कुंदा आणि मी मॅचला गेलो की दोन टोकांना बसायचो. मी बॉल पाहायचो आणि तिने बॉल नसलेला खेळाडू पाहायचा. ती म्हणायची, हातात बॉल असला की कोणीही शहाणं दिसतं, हात रिकामे असताना माणूस कुठे पाहतो ते पाहावं. परत येताना पोराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. घरी यायचं, तिने चहा टाकायचा, चहा झाला की आधी तिने मत सांगायचं आणि मग मी. हा क्रम तिचाच. तुमचं आधी ऐकलं तर मला भांडावं लागतं, म्हणायची. पुणेवाल्यांना ही वाटणी माहीत नव्हती. ते माझं नाव घेऊन 'उमाठे सरांची नजर' म्हणायचे. तिला त्याचं हसू यायचं.

तर मी उभा होतो आणि बॉल दिसत नव्हता म्हणून हर्षल दिसत होता. बॉल दुसरीकडे असताना तो स्वस्थ नव्हता. बॉल यायच्या आधी त्याची मान फिरून गेलेली असायची. एक ठेंगणा पोरगा चुकीच्या जागी अडकला होता, त्याला त्याने नुसत्या डोळ्यांनी रिकाम्या कोपऱ्यात नेलं. एक जाडा पोरगा बॉलच्या मागे वर पाहत धावत थेट लोखंडी खांबाकडे चालला होता. हर्षल पाठ करून मध्ये उभा राहिला आणि तो धक्का त्याने पाठीवर घेतला. जाड्याला खांब होता हे कळलंही नाही. आणि येता-जाता तो माझ्याकडे पाहत होता. तोंडाकडे नाही, पायांकडे. पलीकडे गेला, परत आला, पुन्हा पायांकडे पाहिलं.

"बस झालं," देवतळे म्हणाला. "हर्षल, आता एकटा जा. डंक दाखव सरांना, उडी मारून वरून रिंगेत घाल."

बाकीची पोरं बाजूला झाली. हर्षलने बॉल घेतला, लांब टांगा टाकत रिंगपर्यंत आला. उडी मारणार तिथे थांबला. बॉल रिंगखाली ठेवून दिला आणि रेषेबाहेर आमच्याकडे चालत आला.

"कोण थांब म्हणालं तुला?" देवतळेने विचारलं.

"सर, यांना बसू द्या." देवतळेने एक पाय ठेवलेली खुर्ची त्याने ओढून घेतली. "यांच्या पायात दोन वेगळ्या चपला आहेत."

तेव्हा मी खाली पाहिलं. एका पायात माझी तपकिरी चप्पल होती. दुसऱ्यात कोणाची तरी निळी रबरी. आयसीयूच्या बाहेर चपलांचा ढीग असतो, त्यातून मी पाय घालून निघालो होतो.

पोराने मला बसवलं. माझ्या हातातली पिशवी सोडवून घेतली आणि मांडीवर ठेवली. मग समोर उकिडवा बसला.

"काय झालं काका?"

"माझी बायको गेली," मी त्याला म्हणालो.

देवतळे माझ्या पाठीमागे उभा होता. ते त्याने पाठीमागून ऐकलं.

---

ऑटोमध्ये देवतळे माझ्या शेजारी बसला तेव्हा त्याचं तोंड ओलं होतं. नळावर जाऊन धुऊन आला होता. रेल्वेचा पूल ओलांडल्यावर त्याने विचारलं, "कधी?"

"पहाटे."

"आणि तुम्ही येऊन तिथे खेळ पाहिला."

"तुम्ही पाहा म्हणालात."

"मी म्हणालो म्हणून?" तो माझ्याकडे वळला. "सख्खा भाऊ मी तिचा. आणि तुम्ही सांगितलं कोणाला? त्या पोराला."

पुढे घरापर्यंत आम्ही बोललो नाही. तसं पाहिलं तर अजूनही बोललेलो नाही, भांडलो तेवढेच.

घरी आल्यावर त्याने ते सगळ्यांना सांगितलं. त्याची बायको, सुलभा वहिनी, कुंदाच्या उशाशी बसली होती. ती बाकीच्या बायकांना सांगत होती, बायको तिकडे गेली अन् हे पोरांचे खेळ पाहत होते. बायका माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावत होत्या. आम्हाला मूलबाळ नाही. अग्नी मलाच द्यायचा होता, म्हणून मडकं धरून मी पुढे चाललो होतो. तिरडीचा पुढचा दांडा देवतळेच्या खांद्यावर होता आणि घाटापर्यंत मागून त्याचा आवाज येत होता. घाटावर चार वडीलधाऱ्या माणसांसमोर त्याने पुन्हा सांगितलं, माझी बहीण थंड पडली होती आणि हा इसम हाताची घडी घालून उभा होता. हाताची घडी नव्हती, हातात पिशवी होती. एवढीच दुरुस्ती मला करावीशी वाटली. ती मी केली नाही.

आमच्यातलं वाकडं त्या दिवसाचं नव्हतं. कुंदा स्वतः खेळायची. आताच्या मुली खेळतात तसं नाही, पण तेव्हाच्या मानाने फार चांगली. विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची निवड होती. देवतळे तेव्हा तरुण होता, निवड समितीत नव्यानेच घेतलेला. कुंदाचं नाव सगळ्यांनी धरलं होतं. त्याने ते काढलं. का, तर लोक म्हणतील, पोरगा समितीत गेला आणि बहिणीला घेऊन आला. तिच्या जागी जी मुलगी गेली ती पहिल्याच मॅचला रडत बाहेर आली म्हणे. त्याच उन्हाळ्यात कुंदाचं लग्न माझ्याशी झालं, संघात गेली असती तर ते झालं नसतं. त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नव्हतं. तिला होतं, पण तिने केली नाही.

देवतळे मात्र ती गोष्ट सांगायचा. कुठे सत्कार असला, शाल-श्रीफळ मिळालं की माईकवर यायचा आणि म्हणायचा, मी माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव कापलेलं आहे, माझ्याकडे वशिला चालत नाही. लोक टाळ्या वाजवायचे. कुंदा पहिल्या रांगेत बसलेली असायची. तीही वाजवायची. एकदा घरी येताना मी तिला विचारलं की तू टाळ्या कशाला वाजवतेस. म्हणाली, "दादाला माणसं दिसत नाहीत हो, लोक दिसतात. तो लोकांसाठी बोलला, मी लोकांत बसले होते."

---

कुंदाच्या दिवसांचे विधी चालू असताना पुण्याहून पेंढारकरचा फोन आला. तो संघाचा मॅनेजर, तिशीतला, सभ्य पोरगा. आधी कुंदाबद्दल बोलला. मग जरा थांबून म्हणाला की विचारायची वेळ नाही, पण ड्राफ्ट तोंडावर आला आहे, हर्षल कोवेबद्दल तुमचं मत नुसतं तोंडी सांगितलंत तरी चालेल. तो आणि केरळचा एक पोरगा, दोघांतून एक घ्यायचा होता. मी माझं मत दोन वाक्यांत सांगितलं. त्याने खुलासा मागितला, मी नंतर देतो म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतर देवतळे घरी आला. संध्याकाळची वेळ होती. मी कुंदाच्या फोटोपुढच्या दिव्यात तेल घालत होतो. नितीनने पाणी आणलं, ते त्याने घेतलं नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसला आणि फोटोकडे न पाहता म्हणाला, "पुण्याला मत दिलं का?"

"दिलं."

"काय दिलं?"

"ते कोचला सांगायची पद्धत नाही. तुम्हालाही माहीत आहे."

पद्धत होतीच. ड्राफ्टच्या आधी कोचला मत कळलं की तो दुसऱ्या संघांकडे जाऊन भाव करतो. मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं आणि त्याला तर सांगणारच नव्हतो.

"मला माहीत आहे काय दिलं असेल ते," तो म्हणाला.

"मग विचारता कशाला?"

"जावईबापू, राग माझ्यावर आहे. पोरानं काय केलं तुमचं? त्याचा बाप खाणीतून वर येतो तर डोळे तेवढे पांढरे दिसतात. हे एकच वर्ष आहे त्याला."

"माहीत आहे."

"ताईचा तो एवढ्या वर्षांचा डूख धरून बसले आहात तुम्ही, तो माझ्यावर काढा."

"ताई कोणाची? तुमच्यापेक्षा लहान होती ती. कुंदा म्हणायचे तुम्ही तिला. गेल्यावर ताई झाली?"

तो उठला. "ती कधी एक शब्द बोलली नाही त्या निवडीबद्दल. तुम्हीच बोलून राहिले."

"तुमच्याशी बोलली नाही."

"मी तिला घेतली असती तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं."

"घालू द्यायचं होतं," मी म्हणालो.

नितीन मध्ये पडला. म्हणाला, मामा, काका, काकूच्या फोटोसमोर तरी नको. देवतळेने चपला पायात सरकवल्या. दारातून मागे वळून म्हणाला की तुम्हाला जे करायचं ते तुम्ही केलं, आता मीही गप्प बसणार नाही. दिव्यात तेल घालायचं राहिलं होतं ते मी घातलं.

---

तेरवीच्या आदल्या दिवशी ड्राफ्ट झाला. मी पाहिला नाही. नितीनने फोनवर पाहून सांगितलं की पुण्याने केरळचा पोरगा घेतला. पुढच्या सातही संघांनी हर्षलला सोडलं. पाळ्या संपल्या, त्याचं नाव कोणी घेतलं नाही.

हे असं होणारच होतं. विदर्भात नजर ठेवून असलेला संघ पुण्याचा एकटा. बाकीचे पुण्याकडे पाहतात. ज्याचा माणूस नागपुरात बसलेला आहे त्याने जर नागपूरचा पोरगा सोडला, तर त्यात काहीतरी खोट असणार, असा हिशेब. पुण्याने सोडला की तो सगळ्यांनीच सोडल्यासारखा होता.

तेरवीला घरासमोर मांडव घातला होता. पेंढारकर पुण्याहून आला. बरोबर कोणाला आणलं नव्हतं, हार आणला होता. हर्षलही आला, ग्राउंडवरचा तो ठेंगणा आणि तो जाडा असे दोघे बरोबर. मी त्यांना बोलावलं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी नितीनला विचारलं आणि वाढायला लागले. हर्षलच्या हातात कढीची बादली होती. त्याला इतकं वाकावं लागायचं की पंगतीतल्या म्हाताऱ्या बायका हसत होत्या. एकीने त्याला विचारलं, काय रे, तुझी आई तुला शिडी लावून जेवायला घालते का? तोही हसला. आदल्या दिवशी त्याचं काय झालं होतं ते तिला माहीत नव्हतं.

पहिली पंगत अर्ध्यावर आली तेव्हा देवतळे आला. सुलभा वहिनी मागे होती. मी मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभा होतो. त्याने हात जोडले नाहीत.

"झालं ना मनासारखं?" तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण जेवणाऱ्यांचे हात थांबले. "आता पोटभर जेवा. पोरगा कापला तुम्ही माझा. बहिणीच्या तेरवीचं जेवण गोड लागेल तुम्हाला."

"आत येऊन बसा," मी म्हणालो.

"बसायला नाही आलो. ह्या सगळ्यांना कळलं पाहिजे काय माणूस आहे ते. माझ्यावरचा राग त्या पोरावर काढला. तो पाहा, तुमच्याच घरी कढी वाढून राहिला."

पेंढारकर माझ्या शेजारी उभा होता. तो अवघडला. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोलू का अशा अर्थाने. मी काहीच खूण केली नाही, ना हो, ना नाही.

"देवतळे सर," तो म्हणाला, "तुमचा गैरसमज होतोय. उमाठे सरांनी हर्षलचंच नाव दिलं होतं."

"काय?"

"पहिली पाळी याच्यावरच लावा म्हणाले. केरळच्या पोरापेक्षा हा पुढे जाईल. मी खुलासा विचारला तर म्हणाले, याला दिसतं, बाकी नंतर सांगतो."

देवतळे त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. "मग घेतला का नाही?"

"तुमचा फोन आला," पेंढारकर म्हणाला. तो आवाज खाली ठेवून बोलत होता, पण मांडवात कोणीच जेवत नव्हतं. "तुम्ही म्हणालात, बायको गेल्यापासून उमाठे भानावर नाहीत. घरात जुनं वैर आहे. नागपूरहून जे मत येईल त्याच्यावर विसंबू नका. मी ते मालकांना सांगणं भाग होतं, सर. ते म्हणाले, ज्याला त्याचा स्वतःचा मेहुणा भानावर नाही म्हणतो, त्याच्या मतावर पहिली पाळी कशी घालवायची?"

"मी... ते वाईट मत असेल म्हणून म्हणालो."

"वाईट नव्हतं."

सुलभा वहिनीने खाली पाहिलं. मी हर्षलकडे पाहिलं. तो पंगतीच्या मध्यावर उभा होता, बादली एका हातात, पळी दुसऱ्या हातात. त्याने सगळं ऐकलं होतं. तोंडावरून कळत होतं. सगळी पंगत देवतळेकडे पाहत होती. हर्षलने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग नजर खाली आली आणि पंगतीवरून फिरली. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याचा भात कोरडा पडला होता आणि तो कोणाला हाक मारत नव्हता. हर्षल वाकून तिकडे गेला आणि त्याने त्याच्या भातावर कढी वाढली.

मी देवतळेला म्हणालो, "दादासाहेब, हे तुम्ही दुसऱ्यांदा केलंत."

त्याला ते समजलं. बाकीच्यांना समजलं की नाही कोण जाणे. तो मागे सरकला, मांडवाच्या बांबूला त्याचा हात लागला, तो त्याने धरला. मग पंगतीच्या टोकाला रिकामी जागा होती तिथे जाऊन बसला. सुलभा वहिनी त्याच्या शेजारी बसली. त्यांना पोळी, भाजी, भात, बुंदी वाढली. हर्षल कढी घेऊन त्याच्यापर्यंत आला तेव्हा देवतळे म्हणाला, "मला नको."

"घ्या सर थोडी," हर्षल म्हणाला. "भात कोरडा आहे."

देवतळेने पानावरचं बाकी काही खाल्लं नाही. कढी वाढलेला भात तेवढा खाल्ला आणि उठला. जाताना तो कुंदाच्या फोटोसमोर थांबला, तिथून सरळ बाहेर गेला.

---

माणसं गेल्यावर पोरं मागच्या अंगणात भांडी विसळत होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो. हर्षलने वर पाहिलं.

"काका, एक विचारू का? 'याला दिसतं' म्हणजे काय?"

"ते तुला सांगितलं तर तू ते मुद्दाम करायला लागशील," मी म्हणालो. "मग ते जाईल."

तो म्हणाला, ठीक आहे, आणि पातेलं पालथं घातलं. ती बादली कुठे ठेवायची तेवढं त्याने विचारलं. निघताना माझ्या पायांकडे पाहिलं आणि हसला. त्या दिवशी दोन्ही चपला माझ्याच होत्या.

त्याचं काय झालं ते लोक विचारतात. मोठं काही झालं नाही. खेळाडूंच्या कोट्यातून तो एका सरकारी खात्यात लागला. खात्याच्या संघातून खेळतो, फायनलला पोचतो, दिवसा फायली नेतो. त्याने केरळच्या त्या पोराला एका स्पर्धेत एकट्याने रोखून धरलं होतं असं ऐकलं. मी पाहायला गेलो नव्हतो. पुण्याचं काम मी त्याच महिन्यात सोडलं. पेंढारकर थांबा म्हणत होता. मला अर्धंच दिसतं, हे त्याला कसं सांगायचं ते मला कळलं नाही, म्हणून तब्येतीचं कारण दिलं.

देवतळे आणि मी सहा वर्षांत बोललेलो नाही. त्याचे सत्कार होतात. बहिणीचं नाव कापल्याची गोष्ट तो आता सांगत नाही, असं नितीन म्हणतो. त्याने ती बंद केली म्हणून माझा राग कमी झालेला नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर तो दुसऱ्या दाराने जातो आणि जाऊ देतो मी त्याला.

हर्षलबद्दल माझं मत तेच आहे. पण आमच्या घरात क्रम होता, आधी तिचं, मग माझं. त्या वेळी माझं आधी दिलं गेलं. कुंदाचं मत घ्यायचं राहिलं आहे.